तारतम्य आणि विवेकाधिकार

कोणती गोष्ट कुठे, कधी, किती आणि कोणासमोर, हे ओळखण्याची जाण म्हणजे तारतम्य. इंग्रजीतल्या 'डिस्क्रिशन' या शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ मराठीत हा शब्द पेलतो. त्याच शब्दाचा कायद्यातला अर्थ वेगळा. त्यासाठी 'विवेकाधिकार' किंवा 'स्वेच्छाधिकार' असे म्हणतात.

'डिस्क्रिशन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ वेगळे काढणे. 'विवेक' ज्या विच् धातूपासून आला त्याचाही अर्थ तोच. नीरक्षीरविवेकातला हंस दुधातून पाणी वेगळे काढतो ते याच अर्थाने. 'तारतम्य' मात्र सरळ व्याकरणातून आले आहे. लघुतर, लघुतम यांतले 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय एकत्र येऊन हा शब्द बनला. दोहोंत अधिक काय आणि सर्वांत अधिक काय, हे ज्याला कळते त्याला तारतम्य आहे. आणखी एक गंमत: इंग्रजीत 'जपून वागणारा' आणि 'सुटा, अलग' या अर्थांचे दोन शब्द (discreet आणि discrete) उच्चाराने सारखे, फक्त स्पेलिंग निराळे, मुळात ते एकच. संस्कृतातही 'विवेक' आणि 'विविक्त' (वेगळे, एकांतातले) ही एकाच धातूची भावंडे.

व्यवहारात तारतम्य बहुधा न बोलण्यातून दिसते. डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन खोलीत येतात, रुग्णाभोवती भेटायला आलेली माणसे पाहतात, कागदाची घडी घालून "झोप लागली का?" एवढेच विचारतात. कोणताही नियम मोडला नसला तरी सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचणाऱ्याला आपण 'पाचपोच नाही' म्हणतो. तारतम्य म्हणजे लपवाछपवी नव्हे. तोच रिपोर्ट रुग्णालाच कळू दिला नाही, तर ती लपवाछपवी.

कायद्यात प्रश्न उलटा होतो. तिथे अधिकाऱ्याला निवडीची मोकळीक दिलेली असते आणि ती किती, यावर वाद होतो. इंग्लंडमध्ये १५९८ साली रूक खटल्यात नदीकाठच्या दुरुस्तीचा सगळा बोजा त्या कामाच्या आयुक्तांनी एकाच जमीनमालकावर टाकला होता, फायदा मात्र इतरांचाही होता. आयुक्त म्हणाले, हा आमचा विवेकाधिकार. कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी नोंदवलेल्या निकालानुसार विवेक म्हणजे खरे-खोटे, योग्य-अयोग्य ओळखणे; स्वतःची मर्जी किंवा रागलोभ नव्हे. त्यामुळे 'स्वेच्छाधिकार' हा पर्याय काहीसा फसवा वाटतो. त्यातली 'स्वेच्छा' नेमकी तीच मुभा देते जी कायदा नाकारतो.

इंग्लंडमधल्याच १९४७ च्या वेन्सबरी निकालाने न्यायालयांचा हात आखडता ठेवला. रविवारी सिनेमा दाखवायला परवानगी, पण १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, अशी नगरपालिकेची अट होती. ती न्यायालयाने उचलून धरली. कोणत्याही समंजस संस्थेने घेतला नसता इतका अवाजवी निर्णय असेल तरच ढवळाढवळ करायची, असे न्यायाधीश लॉर्ड ग्रीन यांनी ठरवले. केस तांबडे म्हणून शिक्षिकेला काढून टाकणे, हे त्यांनी आधीच्या एका निकालातून घेतलेले उदाहरण आजही वर्गात सांगितले जाते.

अधिकार न वापरणे हीसुद्धा चूक ठरते, हे सहसा लक्षात येत नाही. "आम्ही सगळ्यांनाच नकार देतो" असे सांगून अर्ज न वाचताच फेटाळणारा अधिकारी, किंवा वरून फोन आला म्हणून सही करणारा, या दोघांनीही स्वतः ठरवलेले काहीच नसते. असे निर्णय न्यायालयात रद्द होऊ शकतात.