ख्रिस्ती कीर्तन

ख्रिस्ती कीर्तन : बायबलमधील कथा आणि शिकवण हरिदासी कीर्तनाच्या पद्धतीने, म्हणजे गद्य निरूपण, पदे आणि वाद्यांची साथ यांच्या आधारे, श्रोत्यांपुढे मांडण्याचा मराठी ख्रिस्ती समाजातील प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व त्याच्या आसपासच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चच्या स्थानिक समुदायांमध्ये) तो रूढ झाला. उपासनेला पूरक आणि सुवार्ताप्रसाराचे (ख्रिस्ती धर्मसंदेशाच्या प्रसाराचे) साधन अशी दुहेरी भूमिका त्याने बजावली. त्यांपैकी दुसरी अधिक महत्त्वाची मानावी लागते, कारण परदेशी मिशनऱ्याच्या हातचे प्रसाराचे काम स्थानिक मंडळीच्या हाती येण्यास त्यामुळे मोठी मदत झाली.

अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे 1813 मध्ये मुंबईत आले. मिशनचे अहमदनगर येथील ठाणे 1831 मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांनी तेथे मंडळी स्थापन झाली. सुरुवातीचा प्रसार मुख्यतः शाळा, छापील पत्रके, 1842 मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक आणि बाजारातील उपदेश यांच्याद्वारे होत असे. थंडीच्या दिवसांत मिशनरी तंबू घेऊन खेडोपाडी फिरत. बाजारातील उपदेश हा जवळजवळ नेहमीच वादाला आमंत्रण देणारा असे. ऐकणारा उभ्या उभ्या ऐके, मध्येच प्रश्न विचारी आणि कंटाळला की निघून जाई. पत्रके वाचता येणारे लोक तर फारच थोडे होते. मंडळीत गायली जाणारी गीतेही पुष्कळदा इंग्रजी चालींवर बसवलेली असत. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत केलेली गीतरचना मंडळीतील लोकांना उपयोगी पडली, पण मंडळीबाहेरच्या कानाला त्या चाली परक्याच वाटत.

ही अडचण ओळखून कीर्तनाची वाट धरणाऱ्यांत अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. कीर्तनाला बसलेला मराठी श्रोता बुवांना मध्येच अडवत नाही, आख्यान अर्धवट सोडून उठत नाही आणि अक्षरओळख नसली तरी काही गमावत नाही. शिवाय कीर्तन एकट्याने होत नाही. त्याला पेटी, तबला किंवा मृदंग, टाळ-झांजा आणि पद उचलून धरणारे साथीदार लागतात. मिशनचा शाळामास्तर, पाळक (मंडळीचा धर्मगुरू), गावातला एखादा गोड गळ्याचा तरुण, पदे पाठ असलेल्या स्त्रिया अशी सारी माणसे त्यात ओढली गेली आणि जे काम पगारी उपदेशकाचे समजले जात होते, ते मंडळीचे होऊ लागले.

रचनेच्या दृष्टीने ख्रिस्ती कीर्तन मूळ परंपरेला बरेच धरून आहे. नमनानंतर पूर्वरंगात बायबलमधील एखादे वचन किंवा एखादा अभंग घेऊन त्यातील तत्त्वाचे विवरण केले जाते, तर उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून आख्यान लावतात. योसेफ, रूथ, एस्तेर, उधळ्या पुत्राचा दाखला आणि येशूचे दुःखसहन हे आख्यानासाठी सोयीचे विषय. ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या हे छंद मोकळेपणाने वापरले जातात. नाताळचा आठवडा, दुःखसहनाचा आठवडा आणि सुगीनंतरची उपकारस्तुती हे प्रसंग त्याला विशेष अनुकूल असतात, कारण अशा वेळी ख्रिस्तेतर शेजाऱ्यांना बोलावणे स्वाभाविक ठरते.

या परंपरेला काव्याचे बळ मिळाले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्यामुळे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगर ही आपली कर्मभूमी केली. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे आणि त्यांचे ख्रिस्ती अभंग वाचताना ती पटते. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांची अनेक पदे असून ती कीर्तनांतही गायली जातात. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य पुढे लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात स्थान होते. परकीय पैसा आणि परकीय व्यवस्था यांच्या बाहेर उभा राहणारा ख्रिस्तभक्तांचा समुदाय त्यांना हवा होता. कीर्तनाने जे हळूहळू साधले, तेच ते येथे संघटनेच्या पातळीवर करू पाहत होते, असे म्हणता येईल. त्यांच्या निधनामुळे हा प्रयोग फार पुढे गेला नाही.

या प्रकाराच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतील लोकांची संख्या मोठी होती, तर आर्या-साकीचे वळण आणि संस्कृतप्रचुर निरूपण हे प्रामुख्याने ब्राह्मणी कीर्तनकारांकडून आलेले. त्या समाजांची स्वतःची एकतारीवरची भजने, तमाशातील गाण्याची आणि संवादाची रीत यांचा उपयोग ख्रिस्ती कीर्तनाने त्या मानाने कमी केला.

गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले आणि ते चर्चमध्ये वाचले-गायले जात असे. मराठी छंदातून ख्रिस्तकथा सांगण्याचा तो याच्या कितीतरी आधीचा प्रयत्न होय. मात्र नगरच्या कीर्तनाशी त्याचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील बहुतेक मंडळ्या 1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहेत.