एकाच बेटाचे दोन आराखडे

‘आमची जागा आराखड्यात सेटलमेंट, म्हणजे वस्तीची, दाखवलीय, मग घराला परवानगी का मिळत नाही?’ दिवाडी, चोडण, जुवे या मांडवीतल्या बेटांवर हा प्रश्न हमखास कानावर पडतो. घोळ ‘आराखडा’ या शब्दातच आहे. गोव्यात बेटावरच्या जमिनीवर दोन वेगळे आराखडे लागू होतात आणि बोलताना दोघांचंही नाव एकच.

पहिला प्रादेशिक आराखडा. नगर आणि ग्राम नियोजन खात्याचा, १९७४ च्या कायद्याखालचा. यात रंग भरलेले असतात: वस्ती कुठे, बागायत कुठे, शेत कुठे. २०११ सालासाठी केलेला आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला. त्यानंतर २०२१ सालासाठी नवा करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या कृती गटाने गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवले आणि सूचना मागवल्या. बेटावरच्या लोकांनी आपल्याच गावाचा नकाशा टेबलावर पसरून ‘इथे नको, तिथे चालेल’ असं सांगायची ती खरी संधी होती. अंतिम नकाशात त्यातलं किती उतरलं, यावर पुढे वाद झालेच.

दुसरा किनारी विभाग व्यवस्थापन आराखडा, म्हणजे सीआरझेडवाला (सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र). तो १९८६ च्या केंद्रीय पर्यावरण कायद्याखाली येतो. केंद्राच्या २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेवरचा गोव्याचा आराखडा मंजूर व्हायला २०२२ उजाडलं. यात मुख्य गोष्ट रेषेची: भरतीचं पाणी कुठवर येतं आणि तिथून किती मीटरपर्यंत बांधकामाला बंधन. समुद्र दूर आहे म्हणून बेट सुटत नाही. ऐन उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात हजारी पाच भाग मीठ सापडतं तिथवर भरतीचा अंमल धरतात, आणि ही बेटं त्याच्या बरीच आत आहेत.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पहिल्या आराखड्यातला वस्तीचा रंग दुसऱ्यातली रेषा पुसत नाही. परवानगी हवी तर जागा दोन्हीकडे बसली पाहिजे.

माझ्या मते लोकांची खरी फसगत हरकती घेताना होते. प्रादेशिक आराखड्यावर बोलताना ‘आम्हाला काय हवं’ हा मुद्दा चालतो. ग्रामसभेने एखाद्या डोंगरउतारावर वस्ती नको म्हटलं, तर तो गावाचा कौल. किनारी आराखड्याच्या जनसुनावणीत तोच सूर लावला तर इतिवृत्तात एक ओळ पडते आणि विषय संपतो. तिथे ‘आहे की नाही’ एवढंच विचारात घेतात: मासळी सुकवायची जागा नकाशात आली का, बांध दाखवलाय का, मानस (बांधातलं पाण्याचं दार) दाखवलीय का.

मानशीचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेताच्या, बांधात बसवलेली ही लाकडी दारं. भरतीच्या पाण्याने ती बाहेरून दाबली जाऊन आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. पावसाळ्यात आत खारं सोसणारं कोरगुट भात, मानशीच्या तोंडाशी मासळी, आणि ती धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव. प्रादेशिक आराखड्यात हे सगळं शेताच्या एका रंगात मावतं. किनारी आराखड्यात मात्र मानस कुठे आहे यावर रेषा हलते. सीआरझेडच्या २०१९ च्या नव्या अधिसूचनेत म्हटलंय की बांध किंवा मानस १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीची असेल तर भरतीरेषा तिथेच थांबवायची. याच अधिसूचनेत मुख्य भूमीजवळच्या बेटांना २० मीटरचा पट्टा आणि वेगळा एकात्मिक बेट आराखडाही सांगितलाय. पण त्याप्रमाणे नवा किनारी आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ च्या अधिसूचनेचेच नियम चालतात, आणि त्यात खाजनात कसलंच विकासकाम करता येत नाही.

बदलायच्या वाटाही निराळ्या. प्रादेशिक आराखड्यात २०२३ च्या दुरुस्तीने, कलम १७(२) खाली, ‘चूक सुधारणे’ म्हणून एकेका भूखंडाचा रंग बदलायची सोय केली गेली. गावाने मिळून केलेल्या नकाशाला एकट्या अर्जाने भोक पाडता येतं, हे मला तरी पटलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. किनारी आराखड्यातली रेषा अशी अर्जावर हलत नाही, त्याला केंद्राची मंजुरी लागते.

तेव्हा पुढच्या सुनावणीला जाताना भाषणापेक्षा मानशीच्या पावणीचे जुने कागद शोधा. कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) किंवा कुळांच्या संघटनेच्या दप्तरात १९९१ च्या आधीची एखादी नोंद निघाली, तर मानस तेव्हा होती हे दाखवायला तो पुरावा होतो. आणि बांध फुटला असेल तर डागडुजी लांबवू नका. खारं पाणी आत येऊन खारफुटी उगवली की ती जागा, मानस कितीही जुनी असो, सीआरझेडच्या सगळ्यात कडक वर्गात जाते.