तारोच्या दोन भिंती आणि १९३४ चा निर्णय

२०११ च्या त्सुनामीबद्दल वाचताना जपानमधलं तारो हे नाव हमखास येतं, आणि दरवेळी एकाच वाक्यात येतं, की जगातली सगळ्यात मजबूत समजली जाणारी भिंत बांधून बसलेलं गाव एका दिवसात वाहून गेलं. हे वाक्य खोटं नाही, पण त्यात एवढं काही गाळलंय की त्यावरून लोक जो निष्कर्ष काढतात, की भिंत बांधण्याऐवजी गावाने आधीच उंचावर जायला हवं होतं, तो मला पटत नाही. म्हणून ही थोडी मागची माहिती.

जागा कशी आहे ते आधी. इवाते प्रांताचा किनारा, पॅसिफिककडे तोंड. मियाको शहराच्या दक्षिणेला किनारा दातेरी, खोल खोल खाड्यांचा, आणि उत्तरेला सरळ उंच कडे. तारो या उत्तरेकडच्या बाजूला आहे. कड्यांमध्ये एक फट पडलीये, दोन छोट्या नद्या तिथे समुद्राला मिळतात, त्यांच्यामधे जी काय सपाट जमीन आहे तेवढंच गाव, बाकी तिन्ही बाजूंनी डोंगर. बंदराच्या जवळच सान्नोइवा नावाचे तीन खडक आहेत, त्यातला मोठा ५० मीटर उंच. समोरच्या समुद्रात थंड आणि गरम प्रवाह एकमेकांना भिडतात त्यामुळे मासळी भरपूर, आणि खडकाळ तळ असल्यामुळे वाकामे आणि कोम्बू ही समुद्री शेवाळं, अबालोन (मोठी शिंपली), सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) हे सगळं. वाकामेची शेती हा आजही मुख्य धंदा. मधे बरीच वर्षं डोंगरात खाणही चालायची, तांबं-जस्त वगैरे, ती १९७१ ला बंद पडली. म्हणजे पोट समुद्रावर, राहायची जागा नदीच्या मुखाशी, आणि घर बांधण्यासारखी उंच सपाट जमीन जवळजवळ नाहीच. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

त्सुनामी तिथे १६११ मध्येही आली होती पण त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खरा हिशोब सुरू होतो १५ जून १८९६ पासून. संध्याकाळची वेळ, सणाचा दिवस, भूकंप एवढा हलका की कोणी उठलंसुद्धा नाही, आणि मग साधारण १४-१५ मीटरची लाट. गावातली ३४५ घरं होती, एकही राहिलं नाही. १,८५० हून जास्त माणसं गेली, म्हणजे दहातली आठ. वाचले ते बहुतेक समुद्रात लांब होड्यांवर होते ते. त्यानंतर वर जाऊन राहायची चर्चा झालीच, पण लोकांनी पुन्हा तिथेच घरं उभी केली. मग ३ मार्च १९३३, पहाटे, थंडीत, दुसरी लाट, या वेळी १० मीटरच्या आसपास. ५५९ पैकी ५०० घरं गेली, ९११ लोक मेले किंवा सापडलेच नाहीत. ६६ कुटुंबं अशी की मागे एकही माणूस नाही. या किनाऱ्यावर दोन्ही वेळा सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या गावांमध्ये तारो आहे.

आता तो निर्णय. १९३३ नंतर सरकारचं आणि प्रांताचं म्हणणं स्पष्ट होतं, किनाऱ्यावरच्या गावांनी सामुदायिकपणे उंचावर जायचं, त्यासाठी स्वस्त कर्ज मिळेल. बऱ्याच गावांनी तसं केलंही. तारोने नाही म्हटलं आणि भिंत बांधायची ठरवली. आज मागे वळून बघणारे सगळे इथेच बोट ठेवतात, की सांगितलं होतं तेव्हाच वर गेले असते तर. पण ५०० घरं वर न्यायची कुठे? डोंगराच्या पोटात जे चार तुकडे होते त्यात एवढी घरं मावतच नव्हती, आणि डोंगर फोडून सपाट करायची मशिनरी तेव्हा कुठली आलीये. शिवाय मच्छीमार माणूस होडीपासून लांब राहून धंदा कसा करणार, रस्ता नाही, गाडी नाही, पहाटे अंधारात जाळी डोक्यावर घेऊन उतरायचं आणि संध्याकाळी माल घेऊन चढायचं. १८९६ नंतर या किनाऱ्यावर जी गावं वर गेली होती त्यातले बरेच लोक काही वर्षांत हळूहळू खाली आले ते याच कारणाने, आणि १९३३ ला त्यांच्यातलेच पुन्हा मेले. तारोच्या लोकांना हे माहीत होतं. त्यामुळे हट्ट म्हणून त्यांनी नकार दिला असं म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि पैसे? पहिल्या वर्षीचं काम गावाने स्वतः कर्ज काढून केलं. जे गाव वर्षभरापूर्वी अख्खं वाहून गेलं होतं त्या गावाने. १९३४ ला काम सुरू झालं, ते बघून दुसऱ्या वर्षापासून सरकार आणि प्रांताने खर्च उचलला. मग चीनबरोबरचं युद्ध वाढत गेलं, पैसा आणि सिमेंट तिकडे, १९४० ला काम थांबलं ९६० मीटरवर. पुढची १४ वर्षं भिंत तशीच अर्धवट. १९५४ ला पुन्हा सुरू केलं आणि १९५८ ला संपलं: १,३५० मीटर लांब, समुद्रसपाटीपासून १० मीटर, पायाशी काही ठिकाणी २५ मीटर रुंद. सुरुवात ते शेवट २४ वर्षं.

या पहिल्या भिंतीची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण बातम्यांमध्ये ती कधीच येत नाही. ती समुद्राला आडवी सरळ उभी नव्हती, कोपरात वाकवलेल्या हातासारखी होती, कोपर समुद्राकडे. लाट येऊन तिच्यावर आपटावी अशी अपेक्षाच नव्हती, ती दोन्ही बाजूंना घसरून दोन नद्यांच्या पात्रात वर जावी, गावात शिरणारं पाणी कमी व्हावं आणि उशिरा यावं, असा हिशोब. आणि भिंतीबरोबरच गावही नव्याने आखलं, रस्ते चौकटीत, सरळ डोंगराकडे जाणारे, चौकात कोपऱ्यावरच्या घरांची टोकं कापलेली म्हणजे अंधारात पळताना समोरचं दिसावं आणि गर्दी अडकू नये. १८९६ ची लाट १४ मीटरवर होती आणि भिंत १० ची, हे बांधणाऱ्यांना माहीत होतंच की! भिंत थोडा वेळ मिळवून देईल, पळायचं तर आहेच, हा त्या आराखड्याचा अर्थ. माझ्या मते त्या काळात, त्या पैशात, त्या जमिनीवर याहून शहाणपणाचं दुसरं काही करता आलं नसतं.

गडबड झाली ती नंतर. मे १९६० मध्ये चिलीच्या भूकंपाची लाट पॅसिफिक ओलांडून जपानला आली, देशात दीडशेच्या आसपास माणसं गेली, तारोत कोणी नाही. खरं म्हणजे तिथे पाणी भिंतीपर्यंत नीट पोचलंसुद्धा नव्हतं, पण श्रेय भिंतीला मिळालं, परदेशातून लोक बघायला यायला लागले, आणि मग आणखी भिंती हव्यात असं सगळ्यांनाच वाटायला लागलं. १९६२ पासून पहिल्या भिंतीच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, दुसरी बांधली, १९७० च्या दशकात तिसरी. १९७८ पर्यंत सगळी मिळून २,४३३ मीटर, वरून बघितलं तर इंग्रजी एक्ससारखा आकार. ही नवी भिंत वेगळ्या विचाराची होती, लाटेला वळवण्यापेक्षा समोरून अडवायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या आणि नव्या भिंतीच्या मधे जी जमीन मोकळी होती, जी पहिल्या आराखड्यात समुद्राला सोडलेली होती, तिथे हळूहळू घरं झाली. कोणी एका दिवशी ठरवून केलं नाही हे, नवी भिंत आहे, जमीन आहे, पोरं मोठी झाली वेगळं घर पाहिजे, असं करत करत. मला विचाराल तर तारोची खरी चूक १९३४ ची नाही, ही आहे. आणि यावर कोणी फारसं बोलत नाही कारण यात एक ठळक निर्णय नाही, कोणाची सही नाही.

म्हणून गाव बेसावध होतं असंही नाही. दर वर्षी ३ मार्चला पहाटे सराव व्हायचा, थंडीत म्हातारेकोतारे डोंगर चढायचे. १९३३ ला आठ वर्षांची असलेली एक बाई म्हातारपणापर्यंत शाळाशाळांमधून चित्रांचे कागद दाखवत दाखवत त्या रात्रीची गोष्ट सांगायची. २००३ मध्ये, १९३३ ला ७० वर्षं झाली म्हणून, गावाने स्वतःला त्सुनामीपासून बचावाचं गाव म्हणून जाहीर केलं. २००५ मध्ये तारो मियाको शहरात विलीन झालं, त्यानंतर ते कागदावर शहराचा एक भाग.

११ मार्च २०११, दुपारी २:४६. पहिला इशारा आला तो इवातेसाठी ३ मीटरचा. भिंत १० मीटरची. आता तुम्हीच सांगा, माणूस काय विचार करेल. नंतर इशारा वाढवला, पण वीज गेलेली, सगळ्यांपर्यंत पोचलाच नाही. शिवाय भिंतीमुळे खालून समुद्र दिसत नाही, त्यामुळे पाणी वरून यायला लागेपर्यंत काही जणांना कळलंच नाही. भूकंपानंतर साधारण ४० मिनिटांनी लाट आली आणि भिंतींवरून आत पडली. समुद्राकडची पूर्वेची भिंत, म्हणजे ती ६० च्या दशकातली, जवळपास ५०० मीटर उखडली, वरून पडणाऱ्या पाण्याने मागचा पाया खणून काढला. मधल्या भागात घर म्हणून काही उरलं नाही. १९३४ ची वाकडी भिंत मात्र, पाणी तिच्यावरूनही गेलं, पण ती उभी राहिली. साधारण ४,४०० वस्तीतून १८० हून जास्त माणसं गेली. हा आकडा १८९६ आणि १९३३ च्या शेजारी ठेवून बघा. ज्यांची माणसं गेली त्यांना या तुलनेने काही दिलासा मिळणार नाही हे मान्य, पण रस्ते, सराव आणि जुनी भिंत यांनी काहीच केलं नाही असं म्हणता येत नाही.

पुढचं भराभर झालं. ९ दिवसांत मियाको ते तारो छोटी रेल्वे पुन्हा चालू झाली, हे त्या भागातले लोक अजून सांगतात. बंदराजवळचं सहा मजली हॉटेल, खालच्या दोन मजल्यांचा फक्त लोखंडी सांगाडा उरलेला, तसंच ठेवलंय, २०१६ पासून आत जाता येतं, वरच्या मजल्यावर तिथूनच काढलेला लाटेचा व्हिडिओ दाखवतात. आणि घरं? डोंगर फोडून वर सपाट जागा केली, नोव्हेंबर २०१५ ला नवी वसाहत सुरू झाली. १९३३ ला जे अशक्य होतं ते आता मशिनरीने आणि सरकारी पैशाने जमलं. खाली, दोन भिंतींच्या मधल्या भागात, आता राहायला परवानगी नाही, तिथे बेसबॉलचं मैदान वगैरे. जुन्या भिंतीच्या आतली जमीन भराव टाकून उंच केली, तिथे काही लोक परतले.

यातही वाद आहेच. समुद्राच्या बाजूला आता १४.७ मीटरची नवी भिंत आहे. घरं वर गेली, मग एवढी उंच भिंत कोणासाठी, आणि पुन्हा समुद्र दिसेनासा केला तर २०११ ची तीच अडचण परत येणार, असं विचारणारे गावातच आहेत. दुसरी बाजू म्हणते की खाली बंदर आहे, वाकामे धुवायचे-उकळायचे शेड आहेत, दिवसा माणसं तिथेच असतात, त्यांना पळायला मिनिटं पाहिजेत. दुसऱ्यांचं मला जास्त पटतं, अट एवढीच की ते मिनिटांचंच बोलणं राहायला पाहिजे, भिंतीच्या भरवशावर मधल्या जागेत पुन्हा घरं व्हायला नकोत. पोरं आता शहरात जातात त्यामुळे जमिनीची तशी ओढही राहिली नाही, वस्ती २०११ च्या मानाने बरीच घटलीये. २०२० मध्ये गावात रेल्वेचं नवं स्टेशन झालं, आणि त्याच वर्षी सरकारने या किनाऱ्यासाठी सगळ्यात वाईट परिस्थितीचे नवे अंदाज जाहीर केले. मियाकोच्या हद्दीत जास्तीत जास्त लाट २९.७ मीटर.