खाद्यातलं प्रोबायोटिक आणि पाण्यातलं प्रोबायोटिक

सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबासाठी घेतलेल्या शेततळ्यांत आता चिलापी, पंगस हे मासे सोडले जातात. सोबत प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या, पुड्याही आल्या. एक खाद्यात मिसळायची, दुसरी पाण्यात टाकायची. दोन्ही पुड्यांवर शब्द एकच, म्हणून खाद्यात मिसळायची महागडी भुकटी थेट तळ्यात टाकली जाते. तिथे ती पातळ होऊन जाते आणि माशाच्या पोटात जवळजवळ काहीच पोचत नाही.

खाद्यातल्या भुकटीत बहुधा बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू असतात. त्यांचं काम माशाच्या आतड्यात. एरोमोनाससारखे रोगजंतू पाण्यात असतातच. पाणी बिघडलं, माशावर ताण आला की ते उचल खातात. मग अंगावर लाल चट्टे, जखमा, फुगलेलं पोट. आतड्यात चांगल्या जिवाणूंनी आधीच ठाण मांडलं असेल, तर रोगजंतूंना जागाही अपुरी पडते आणि अन्नही. शिवाय रोगजंतू आपली संख्या पुरेशी झाल्याचं एकमेकांना रसायनांतून कळवतात आणि मगच जोर करतात. बॅसिलसचे काही प्रकार हे निरोपच मध्ये तोडतात! या सगळ्यात मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

भुकटी थोड्या खाद्यतेलात कालवून गोळीखाद्याला हलक्या हाताने चोळावी, सावलीत सुकवावी आणि लगेच वापरावी. बॅसिलस बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त पेशींच्या, रूपात तग धरतो, लॅक्टोबॅसिलसला ऊन-उष्णता सोसत नाही.

पाण्यातले जिवाणू माशाची विष्ठा आणि उरलेलं खाद्य फस्त करतात. योग्य प्रकारचे असतील तर अमोनियाही उतरतो. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात माती नसते, तळचा गाळ जिरवायला दुसरं कोणी नाही, म्हणून इथे त्यांची गरज जास्त. गूळ किंवा मळी (मोलॅसिस) घातली की ते झपाट्याने वाढतात. आपल्या जिल्ह्यात दोन्ही मुबलक, त्यामुळे हात सैल सुटतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. वाढताना हे जिवाणू ऑक्सिजन खातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी, पहाटे तर सर्वांत कमी. म्हणून ऊन वर आल्यावर, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवूनच हे प्रोबायोटिक टाकावं. पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग पावडर टाकल्यावर लगेच नको, त्यात हे जिवाणूही मरतात.

दोन्हींपैकी एकही अँटिबायोटिक नव्हे. आजारी मासा खाद्याला तोंड लावत नाही, तेव्हा खाद्यातली पुडी मासे धडधाकट असतानाच सुरू हवी. मरतूक लागलीच, तर आधी खाद्य थांबवावं, शक्य तेवढं पाणी बदलावं आणि आजारी जिवंत मासा मत्स्यतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.