खुर्ची की झोळी: झाडावर बसून होणाऱ्या हरणाच्या शिकारीतल्या दोन बैठकांची पार्श्वभूमी

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम राज्यांत व्हाइटटेल हरणांच्या माजाचा काळ. एरवी दिवसा झुडपात दडणारे नर या दिवसांत भर दुपारीही माद्यांमागे हिंडतात. कोणत्या घटकेला कोणता नर समोरून जाईल याचा नेम नसल्यामुळे धनुष्यबाणाने शिकार करणारा माणूस पहाटे अंधारात झाडावर चढतो आणि दिवस मावळल्यावरच उतरतो. पंधरा-वीस फुटांवर, शून्याच्या आसपासच्या थंडीत, जवळजवळ न हलता दहा तास काढायचे असतात. एवढा वेळ शरीराचा भार नेमका कशावर टाकायचा? सध्या बाजारात याची दोन मुख्य उत्तरं मिळतात. एक म्हणजे हँग-ऑन, झाडाला पट्ट्याने आवळायची धातूची फळी आणि तिला जोडलेली छोटी बैठक. दुसरं सॅडल, कमरेला बांधायची कापडी झोळी, जिच्यात शिकारी झाडाकडे तोंड करून दोराच्या आधाराने रेलतो. यांतलं जास्त आरामशीर कोणतं, हा वाद दर हंगामाला नव्याने रंगतो. वस्तुतः दोन्ही साधनं आरामासाठी जन्मलीच नाहीत, आणि दोघांच्या दुखण्यांचं मूळ त्यांच्या जन्मकथेत आहे.

उंचावर बसून जनावराची वाट पाहणं आपल्याला नवं नाही. पिकाच्या राखणीसाठी शेतात माळा असतो, जंगलात मचाण. शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांनी तर ‘मचाण’ हा शब्द जसाच्या तसा उचलला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडचं मचाण शिकारीतून बाहेर पडलं. आता ताडोबासारख्या ठिकाणी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला लोक त्यावर बसतात. पण आपलं मचाण म्हणजे बाज किंवा फळ्या टाकून केलेली पक्की बैठक. त्यावर मांडी घालता येते, पाय पसरता येतात. अमेरिकी शिकाऱ्याला हवं होतं ते पाठीवर घालून नेण्याजोगं मचाण. सगळी गुंतागुंत तिथून सुरू झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे व्हाइटटेल हरणं काही लाखांवर आली होती. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या राज्याराज्यांतल्या व्यापाराला बंदी घालणारा 1900 चा लेसी कायदा, शिकारीचे ठरावीक हंगाम, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या करातून राज्यांना मिळू लागलेला पैसा यांमुळे ती पुन्हा वाढली. आज त्यांची संख्या कोट्यवधींत आहे. मधल्या काळात, 1934 मध्ये, विस्कॉन्सिनने हरणांसाठी धनुष्यबाणाचा हंगाम जाहीर केला आणि हळूहळू इतर राज्यांनीही वेगळे हंगाम दिले. बंदूकवाला शंभर-दीडशे यार्डांवरून गोळी घालतो. तिरंदाजाला हरीण वीस-तीस यार्डांवर यावं लागतं. एवढ्या जवळ जमिनीवर बसलं तर हरणाच्या नाकाला वास लागतो आणि डोळ्यांना हालचाल दिसते. झाडावर चढलं की दोन्हींचा उपद्रव कमी होतो, पुरता संपत नाही. 1969 मध्ये हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. कप्प्यांमुळे (पुलींमुळे) पूर्ण ताणल्यावर हातावर थोडाच भार राहतो, म्हणून नवख्यालाही हे धनुष्य झेपू लागलं. तिरंदाज वाढले तशी झाडावर बसायच्या साधनांची मागणीही वाढली.

पहिली पिढी घरगुती होती. दोन फांद्यांमध्ये खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या दोन-तीन पावसाळ्यांत कुजत, खिळे गंजत, झाड वाढलं की जोड उचकटत, आणि पुढे कधीतरी आरा चालवणाऱ्याच्या करवतीत तेच खिळे अडकत. 1970 च्या दशकात झाडाला मिठी मारत वर सरकणारे क्लायंबर आले. त्यांना सरळ, बिनफांदीचं खोड लागे आणि गुळगुळीत सालीवर पातं घसरण्याची धास्ती असे. फांद्या असलेल्या झाडावर चालेल असं काहीतरी हवं होतं, त्यातून हँग-ऑन पुढे आला: खांबाला जोडलेली फळी, खोडात रुतणारे दात आणि भोवती साखळी. पुढे साखळीची जागा पट्ट्याने घेतली. लोखंडी हँग-ऑन सात ते नऊ किलोंचा, म्हणून एकदा चढवला की हंगामभर तिथेच. विस्कॉन्सिनचे आंद्रे डी’ॲक्विस्टो यांनी लोन वूल्फ या नावाने ओतीव ॲल्युमिनियमच्या एकसंध फळीचे हँग-ऑन आणले तेव्हा चित्र पालटलं. साधारण पाच-सहा किलोंचा, सपाट घडीचा हँग-ऑन पाठीवर घेऊन रोज नव्या झाडावर चढता येऊ लागलं. वेल्डिंगचे सांधे नसल्याने कुरकुर कमी झाली. थंड, निवांत पहाटे अशी एक कुरकुर हरणाला पुरते.

त्या काळात बैठकीकडे मात्र कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वजन घटवायचं म्हणून ती लहान झाली, घडी व्हावी म्हणून पातळ झाली. हँग-ऑनमधल्या तक्रारींचं मूळ हेच. बैठक फळीपासून अठरा इंचांवर असेल तर उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि सगळा भार माकडहाडाजवळ एकवटतो. बावीस इंचांवर असेल तर बुटक्याचे पाय लोंबतात, बैठकीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. म्हणून विकत घेताना बैठकीची उंची आपल्या पोटरीशी मोजून पाहावी. बसल्यावर मांडी जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरती राहिली पाहिजे. झाड तिरकं असेल तर फळी कललेली राहते, आणि दोनच अंशांचा कलसुद्धा दहा तासांत पाठीच्या एकाच बाजूला उतरतो. कल साधायची सोय नसेल तर दुसरं झाड शोधणं बरं. थंडीत धातूची फळी तळपायांतली ऊब शोषून घेते, तेव्हा बुटांखाली फोमचा तुकडा टाकावा. फळी बसवताना पट्टा घट्ट आवळून बैठकीची बाजू वर आणि फळीचं टोक खाली असा दाब दिला की दात सालीत बसतात. हे न करता पाय ठेवला तर पहिल्याच पावलाला हँग-ऑन दोन इंच खाली सरकतो, आणि माणसाचं काळीज त्याहून बरंच खाली.

पडण्याच्या अपघातांनीही या साधनाला आकार दिला. सुरुवातीला कमरेचा एकच पट्टा वापरत. पडल्यावर तो बरगड्यांखाली सरके आणि लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडे. नुसत्या छातीच्या पट्ट्याचीही तीच गत. 1988 मध्ये उत्पादकांनी ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन स्थापन केली, चाचण्यांची मानकं ठरत गेली, आणि 2004 पासून त्यांच्या प्रमाणित स्टँडसोबत (झाडावरच्या बैठकीसोबत) पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे पट्टे, येऊ लागला. हँग-ऑनमध्ये हा हार्नेस आरामावर थोडा भार घालतो. त्याचा दोर बसल्यावर जवळजवळ ताठ राहील इतक्या उंचीवर, डोक्याच्या वर बांधावा. सैल सोडला तर आराम वाटतो, पण पडताना तेवढंच अंतर जास्त पडतो. मांडीचे पट्टेही ढिले ठेवू नयेत.

आता झोळीकडे. तिचं घराणं वेगळं आहे. तेलंगणातला ताडी काढणारा कमरेमागून आणि झाडाभोवतून दोर घेऊन त्यावर रेलतो आणि दोन्ही हात मडक्यासाठी मोकळे ठेवतो. विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनचा पट्टा हीच युक्ती वापरतो, झाडं छाटणाऱ्या आर्बरिस्टचा हार्नेसही. सॅडलमध्ये चढताना वापरायच्या दोराला आजही लाइनमन रोपच म्हणतात. ही सगळी कामाची साधनं. खांबावरचा माणूस तार जोडून अर्ध्या तासात खाली येतो. तिथे दहा तास बसायचा कुणाचा विचार नव्हता. 1980 च्या दशकात अँडरसन स्लिंग नावाची पट्ट्यांची झोळी शिकाऱ्यांच्या हाती आली. मिशिगनचे जॉन एबरहार्ट तिच्यातून शिकार करत आणि पुढे त्यांनी लेखनातून व व्याख्यानांतून सॅडलचा हट्टाने पुरस्कार केला. तरी बराच काळ हा मोजक्या हट्टी मंडळींचा प्रकार राहिला. 2000 नंतर ट्रॉफीलाइनचं सॅडल आलं. झाडावर चढण्याचे हार्नेस करणाऱ्या ओरेगनच्या न्यू ट्राइबने शिकाऱ्यांसाठी वेगळी सॅडल्स काढली. ज्यांना हीही पटेनात ते आर्बरिस्टचा किंवा गिर्यारोहणाचा हार्नेस आणून घरच्या शिलाई मशीनवर दुरुस्त्या करत.

लाट आली 2018 मध्ये, टेदर्ड या कंपनीचं मँटिस सॅडल आणि प्रेडेटर हा छोटा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यावर. तोवर सॅडलवाले झाडाभोवती पायऱ्यांचं कडं करून त्यावर पाय टेकत. तळपायाच्या कमानीखाली एकच दांडा, म्हणजे तासाभरात तळवे ठणकणार. दीड किलोच्या आतल्या सपाट प्लॅटफॉर्मने हे दुखणं बरंच हलकं केलं. सॅडल आरामदायी झालं असं लोक म्हणतात त्यात पायाखालच्या या फळीचा वाटा झोळीच्या कापडाइतकाच आहे. अनेक राज्यांत सरकारी जंगलात झाडाला खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या ठोकायला मनाई असते, काही ठिकाणी स्टँड रात्रभर ठेवताही येत नाही. रोज सगळं काढून न्यायचं तर हलकं साधन हवंच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जाहिरातीत सॅडलचं वजन अर्धा ते सव्वा किलो छापतात. दोर, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), प्लॅटफॉर्म, गुडघ्याचे पॅड धरले की हा आकडा तीन-चार किलोंवर जातो. आजचा हलका हँग-ऑन साडेतीन ते पाच किलोंचा असतो, वर हार्नेस. चढायच्या स्टिक्स (खोडाला बांधायच्या सुट्या पायऱ्या) दोघांनाही लागतात. सॅडलचा खरा फायदा आकारमानात आहे: दाट झुडपातून जाताना पाठीवर अडकणारी मोठी फळी नाही.

सॅडलमधली नेहमीची तक्रार म्हणजे कुल्ले आवळणं. कमरेच्या दोन बाजूंच्या कड्यांतून पुढे येणाऱ्या दोराला ब्रिज म्हणतात. भार आला की तो दोन्ही बाजू आत ओढतो आणि कमरेची हाडं चिमट्यात सापडतात. ब्रिज जितका आखूड, तितका हा कोन तीव्र आणि चिमटा घट्ट. म्हणून आधी ब्रिज दोन-दोन इंचांनी लांबवून पाहावा, पण हाताच्या आवाक्याबाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर ब्रिज ज्यात अडकतो ती झाडाच्या दोरावरची गाठ सरकवता येत नाही. दुसरा उपाय झोळीच्या जागेचा. तिची वरची कड कमरेच्या हाडावर आणि खालची कड कुल्ल्यांच्या खाली, मांडी सुरू होते तिथे यावी. ती वर सरकली की बरगड्या दाबल्या जातात, खाली घसरली की मांडीची मागची बाजू. दोन पॅनेलची सॅडल्स याच कारणाने आली. एक पॅनेल कमरेशी, एक मांडीखाली, मधलं अंतर बसल्यावर कमी-जास्त करता येतं.

टेदर म्हणजे झाडाला बांधलेला दोर. प्लॅटफॉर्मवर सरळ उभं राहिल्यावर तो कपाळाच्या उंचीला बांधून सुरुवात करावी. तो खाली असला तर शरीर जास्त मागे झुकतं आणि पायांवर भार येतो. वर असला तर बसणं सोपं, पण उठून रेलताना दोर तोंडासमोर येतो. खरं कसब स्थिती बदलण्यात आहे. वीस मिनिटं रेलायचं, मग गुडघे झाडाला टेकवून बसायचं, मग एका बाजूला वळायचं. गुडघ्याला पॅड नसेल तर ही पाळी तासाभरात मोडते. पाठीला टेकू हवा असेल तर टेदरला अडकवायचा रुंद पट्टा मिळतो, आणि दिवसभर बसणाऱ्याने त्यात कंजूषी करू नये. हँग-ऑनमध्ये पाठ आयती खोडाला टेकते. दुखऱ्या कंबरेच्या माणसाला त्यामुळे खुर्चीच बरी वाटते, तर ज्याचं माकडहाड दुखतं तो सॅडलमध्ये सुखी राहतो, कारण तिथे त्या हाडावर भारच येत नाही.

नेम धरतानाचा आरामही मोजावा लागतो. सॅडलमध्ये खोड समोर असतं, त्यामुळे हरीण आलं की झाडाआड राहता येतं. उजव्या हाताच्या तिरंदाजाला डावीकडचा बाण सहज जातो. उजवीकडे मात्र पाय अदलाबदल करून अंग फिरवावं लागतं किंवा धनुष्य ब्रिजवरून पलीकडे न्यावं लागतं. ही हालचाल घरच्या अंगणात दोन फुटांवर सॅडल बांधून पन्नासदा केली नाही तर ऐनवेळी हमखास गोंधळ होतो.

दोराच्या बाबतीत चुका एकसारख्याच दिसतात. 11 मिमी टेदरसाठी बनलेला, गाठीऐवजी वापरायचा यांत्रिक पकडा 8 मिमी दोरावर लावला की तो घसरतो किंवा दोर कातरतो. पकड्यावर छापलेली जाडी वाचावी. 1931 मध्ये कार्ल प्रुसिक यांनी मांडलेली प्रुसिक गाठ अजूनही भरवशाची आहे, फक्त गाठीची दोरी मुख्य दोराहून दोन-तीन मिमी बारीक हवी. सारख्याच जाडीची घेतली तर ती धरत नाही. सॅडल पडणं झेलण्यासाठी बनलेलं नाही, ते भार धरून ठेवण्यासाठी आहे. टेदर सैल ठेवून प्लॅटफॉर्मवर सरळ उभं राहणारा माणूस घसरला तर न ताणणाऱ्या दोरावर दोन फुटांचा हिसकाही बरगड्या आणि कंबर दुखावतो.

आणि दोन्ही साधनांत पडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो तो चढता-उतरताना, त्यातही फळीवरून पायरीवर पाय टाकताना. दिवसभर एकाच जागी दाबले गेलेले पाय तेव्हा बधिर असतात. हँग-ऑनवाल्याने उतरण्याआधी पाच मिनिटं दोर तसाच ठेवून उभं राहावं, टाचा उचलाव्यात. सॅडलवाल्याने लाइनमन रोप झाडाभोवती घेऊन त्यावर भार टाकून पाहावा, आणि मगच टेदर सोडावा.