एअर बॅगने पिकअपची क्षमता वाढत नाही
जालन्याहून मोसंबी भरणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांत एक समज पक्का बसलाय: मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला एअर बॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) टाकल्या की टनभर माल जास्त चालतो. चालत नाही. बॅग फक्त मागून बसलेली गाडी वर उचलते. वजन पेलतात ते मागच्या एक्सलचं हाऊसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक. ते होते तेच राहतात. आरसीवरचं एकूण वजनही तेच.

खरी गोम ब्रेकमध्ये आहे. बऱ्याच पिकअपना चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो, दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला. गाडी जितकी बसेल तितका तो मागच्या ब्रेकला जोर देतो. बॅगेने गाडी उचलली की त्याच्या लेखी ती रिकामी, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक ढिले पडतात. म्हणून दांडी नव्याने सेट करावीच लागते. बसवणारा हे सहसा सांगत नाही.

तरी बसवायच्याच तर डाव्या-उजव्या बॅगेची नळी वेगळी ठेवा. टी-जोड लावून दोन्ही नळ्या एक केल्या की वळणावर हवा हलक्या बाजूला पळते, गाडी जास्त कलते. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. बॅग सायलेन्सरपासून दूर हवी. बहुतेक किटना रिकाम्या गाडीतही किमान ५ पीएसआय हवेचं प्रेशर लागतं, नाहीतर रबर चिमटून फाटतं.