सेंद्रिय किराणा दुकान काढताय? आधी हे कागद जमवा

खपली गहू, हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, काकवी असा माल ठरतो, गाळाही मिळतो. पाटी रंगवायला दिली की प्रश्न पडतो: त्यावर 'सेंद्रिय' लिहायचे कशाच्या जोरावर?

दुकानदाराला शेती किंवा शिक्षणाची अट नाही. पहिला अर्ज फॉस्कॉस या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) पोर्टलवर, अन्न नोंदणीचा. उलाढाल मोठी असेल तर नोंदणीऐवजी परवाना लागतो. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल) जवळ ठेवा. मिळालेला 14 अंकी क्रमांक बिलावर छापायचा आणि प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावायचे.

खरी मेख पुढे आहे. सेंद्रिय अन्नाच्या 2017 च्या नियमांनुसार मालाला एनपीओपी (मान्यताप्राप्त संस्था तपासून देते ते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटामार्फत मिळते ते) यांपैकी एक प्रमाणपत्र हवे. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट गिऱ्हाईकाला विकतो तेव्हा त्याला या प्रमाणपत्रातून सूट असते. तोच माल तुम्ही विकत घेऊन गल्ल्यावर ठेवलात की ती सूट संपली. 'आमचा ओळखीचा शेतकरी आहे, फवारणी करतच नाही' हे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही. अशा शेतकऱ्यांना पीजीएसचा गट करायला सांगा. त्यात शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करतात, त्यामुळे खर्च फारसा येत नाही. प्रत्येक खरेदीचे बिल आणि प्रमाणपत्राची प्रत एकाच फाइलीत लावा. साधा माल आणि सेंद्रिय माल वेगवेगळ्या फळ्यांवर, सहज ओळखू येईल असा मांडा.

पोते फोडून स्वतःच्या नावाच्या पुड्या भरायच्या असतील तर तुम्ही नुसते विक्रेते राहत नाही. फॉस्कॉसवर रीपॅकर म्हणून अर्ज, वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाकडे पॅकर नोंदणी आणि पाकिटावर वजन, एमआरपी, महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीचा फोन हे सगळे आले. पहिले वर्षभर उत्पादकाची सीलबंद पाकिटेच विकावीत, असे माझे मत.

बाकीचे पटकन उरकते. शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे लोकांच्या तोंडचा गुमास्ता, ऑनलाइन होतो. मोजकी माणसे कामाला असतील तर नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी शिक्का मारून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर जीएसटी नोंदणी 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. आणि पाटीवर इंग्रजी नाव हवेच असेल तर मराठी अक्षरे त्यापेक्षा लहान नकोत.